कपाळ समजून लावलेल्या कुंकवाबाबत

प्रति,
मा. श्री. हेमचंद्र टेंबे साहेब,
सुनावणी अधिकारी, श्रमिक तक्रार कक्ष,
दुसरा मजला, जिन्याला लागून असलेली खोली,
जबलपूर.

अर्जदार : श्रीमती पुष्पा तुळशीराम घाटोळ, राहणार कांचघर, जबलपूर. ‘चौखट’ या ऑनलाइन विक्री कंपनीच्या पनागर रोडवरील गोदामात रॅकमधून माल काढणारी कामगार (सध्या आयडी बंद).

विषय : बंद केलेला आयडी पुन्हा सुरू करणे व ‘उपकरणाशी छेडछाड’ हा शेरा काढून टाकणे याबाबत.

संदर्भ : १) याच विषयावरील अर्जदाराचा हिंदी अर्ज, आपल्या कार्यालयात जमा.
२) कंपनीकडून मोबाइलवर आलेला संदेश : ‘आपकी शिकायत का समाधान हो चुका है।’
३) आपल्या खोलीबाहेरचा लाकडी बाक.

महोदय,

१. संदर्भ क्रमांक तीनचा खुलासा आधी केलेला बरा, नाहीतर हा अर्ज मराठीत का, हे आपल्याला कळणार नाही. मागच्या सुनावणीच्या दिवशी अर्जदार त्या बाकावर बसली होती. आपले बाबूजी, म्हणजे कारकून, म्हणाले, “अम्मा, साहब फोन पर हैं, बैठिए.” ती बसली. दार लोटलेले होते, लावलेले नव्हते. आतून आपला आवाज आला : “जेवलो ना मी. तू गोळी घेतली का? काहून नाही घेतली? कडू लागते म्हणून कोणी सोडते का, आई? चलो, आता घे. मी फोनवरच आहो. घेतली? आता पाणी पी.”

अर्जदाराने कान दिला नव्हता. बाकच तसा ठेवलेला आहे. पण दुसऱ्याच्या तोंडून माहेरकडची मराठी ऐकून तिला फार काळ लोटला होता. त्यामुळे झाले असे की नावाचा पुकारा झाल्यावर ती आत आली, आपल्यासमोर उभी राहिली आणि तिला काही सुधरेना. आपण हिंदीत विचारले, “बोलिए, क्या हुआ था?” ती म्हणाली, “जो लिखा है वही है, साहब.” आपण पुढची तारीख दिली. ती जिना उतरली, आणि खाली आल्यावर तिला सगळे आठवले. जे वर सांगायचे राहिले ते या अर्जात आहे.

२. कार्यालयाची भाषा हिंदी आहे, हे अर्जदार जाणते. म्हणून कायद्याच्या कामी हिंदी अर्जच धरावा, हा नुसता वाचावा. तो हिंदी अर्ज कचेरीबाहेरच्या टायपिस्टने लिहून दिला. त्यात ‘प्रार्थिया’ नावाची कोणी एक बाई आहे. तिच्यावर घोर अन्याय झालेला आहे आणि ती भुकेने मरणाच्या पंथाला लागलेली आहे. अर्जदाराने तो वाचला तेव्हा ही बाई कोण, असे तिला वाटले. तिने टायपिस्टला म्हटले, “भैया, मैं भूखी नहीं हूँ.” त्याने विचारले, “तो फिर शिकायत काहे की?” त्याचे बरोबर होते. मात्र त्याने एक गोष्ट कामाची शिकवली : “मैं-मैं मत कीजिए अम्मा, वज़न नहीं पड़ता.” म्हणून इथेही अर्जदार असेच लिहिले आहे. कुठे चुकून ‘मी’ पडल्यास ते ‘अर्जदार’ असे वाचावे.

३. अर्जदार मूळची वरूडकडची. लग्न होऊन जबलपूरला आली. पती तुळशीराम हे इथल्या सरकारी कारखान्यात लेथ मशीनवर होते. ते वारले. मुलगी मेघना नोकरीनिमित्त हैदराबादला असते. मराठी तिला समजते, बोलते हिंदीत. तुळशीरामांची पेन्शन अर्जदाराला वेळेवर मिळते, घर स्वतःचे आहे. आपले बाबूजी म्हणाले ते खोटे नाही : “पेन्शन है, मकान है, तो गोदाम में काहे खटती हो अम्मा?” उत्तर असे आहे की तुळशीराम गेल्यावर घर फार नीटनेटके राहू लागले. सकाळी जिथे कप ठेवावा तिथेच तो संध्याकाळी सापडे. अर्जदार भाजी चिरायला बसली की एका वांग्यावर थांबे. अशात एक दिवस रस्त्यावरून भोंगा लावलेली गाडी गेली : ‘चौखट में आइए, महिलाओं के लिए बस की सुविधा.’ बस म्हणजे माणसे असणारच, एवढाच तिने विचार केला.

४. आता कंपनीविषयी. आपण सुनावणीत विचारले होते, “कंपनी का व्यवहार ठीक है कि नहीं, एक शब्द में बताइए.” एका शब्दात अर्जदाराला जमले नाही. पगार ठरल्या तारखेला होतो. प्यायला थंड पाणी आहे. बायकांची प्रसाधनगृहे इतकी स्वच्छ की पहिल्या दिवशी तिला आत चपला घालून जाववेना. कंपनी बूट देते, ते पायाला लागले तर बदलून देते. कोणी अरे-तुरे करत नाही. बस कांचघरच्या चौकात येते आणि थांबते.

याआधी, पतीच्या हयातीत, अर्जदार एका साडीच्या दुकानात फॉल लावायच्या कामाला होती. तिथला सेठ तोंडाचा फाटका. टाका वाकडा गेला की साऱ्या गिऱ्हाइकांदेखत खानदान काढायचा. त्याच्या दुकानात बायकांसाठी प्रसाधनगृह नव्हते, समोरच्या लॉजमध्ये जावे लागे. पण तुळशीराम गेले त्या दिवशी तो सेठ दुकान बंद करून आला आणि ओट्यावर बसून राहिला. कोणीतरी चहा दिला तो त्याच्या हातात निवून गेला. त्याच्या शिव्या अर्जदार विसरलेली नाही, आणि तो चहाचा कपही नाही. या दोहोंचा हिशेब एका शब्दात कसा मांडावा, हे साहेबांनीच सांगावे.

५. कामाची रीत अशी. प्रत्येकाच्या हाती एक स्कॅनर असतो. सकाळी तो उचलला की पडद्यावर अक्षरे उमटतात, ‘नमस्ते पुष्पा जी’, आणि बाईच्या आवाजात तेच ऐकूही येते. मग तो सांगतो : अमुक गल्ली, तमुक रॅक, वरून दुसरा कप्पा. तिथे जायचे, वस्तू काढायची, तिच्यावरच्या रेघांवर लाल उजेड धरायचा, ‘टुक’ असा आवाज आला की पेटीत टाकायची. लगेच पुढचा पत्ता. उभे राहिले की पडदा पिवळा होतो. तरी हलले नाही तर लाल होतो.

गल्लीत गर्दी होऊ नये म्हणून दोन माणसांना एका वेळी एका गल्लीत पाठवायचे नाही, अशी स्कॅनरची शिकवण आहे. यात कोणाचा दुष्टपणा नाही. पण त्यामुळे एवढ्या मोठ्या गोदामात इतक्या माणसांची पावले वाजतात आणि माणूस दिसत नाही. शेजारच्या गल्लीत कोणी खोकले तर ते कळते. कोण खोकले ते कळत नाही.

एकच जागा अशी, जिथे दोन गल्ल्यांची तोंडे मिळतात : कुकरच्या रॅकपाशी. तिथे अर्जदाराची दीपाशी गाठ पडे. दीपा बरगीकडची. तिचे वडील धरणात मासे धरतात. तिची बस वेगळी, जेवणाची सुट्टी वेगळी. एका भेटीत एक वाक्य, एवढाच वेळ मिळे. दीपा विचारी, “क्या बनाया दीदी?” पुढच्या भेटीत अर्जदार सांगे, “भरीत.” त्याच्या पुढच्या भेटीत, “वो क्या होता है?” मग, “भटे का भरता, जी.” मग दीपा हसे, आणि ते हसू कुकरच्या रॅकपासून मागे मागे जात ऐकू येई. एक भाजी सांगायला दुपार जाई. संध्याकाळी बसमध्ये अर्जदार उद्याचे वाक्य ठरवून ठेवी.

६. इथपर्यंत लिहून अर्जदार थांबली होती. पुढचे लिहावे की नाही, हे तिला कळेना. तिने चहा ठेवला. चहा झाला. आता लिहिते.

७. खंडे नवमीला आपल्याकडे हत्यारांची, अवजारांची पूजा होते, हे साहेबांना सांगायला नको. कारखान्यात त्या दिवसांत एकदा कुटुंबांना आत सोडत. बाकीचे लोक आपापल्या रीतीने पूजा करत. तुळशीराम लेथ धुऊन पुसून ठेवत आणि अर्जदाराला पुढे करत. म्हणत, “तू लाव. घरच्या लक्ष्मीच्या हातचं लागलं की वर्षभर बोट कापत नाही.” ती लेथच्या माथ्यावर, सपाट लोखंडावर, आधी हळद, मग कुंकू लावी. तेलात कालवलेले, कोरडे टिकत नाही. वरून झेंडूचे फूल. मग ते कुंकू सुकेपर्यंत लेथ चालवायचा नाही. त्यालाही एक दिवस निजू द्यायचे. फोरमनसाहेब बंगाली होते, ते हसत येत आणि म्हणत, “घाटोळ, आज तुम्हारी मशीन छुट्टी पर, तो तुम भी छुट्टी पर.” पेढा घेत. कोणाच्याही कामाचा खोळंबा झाल्याचे अर्जदाराने ऐकले नाही.

तुळशीराम गेल्यावर कुंकवाचा करंडा अर्जदाराने कपाटावर ठेवून दिला. आमच्याकडच्या मराठी बायका वाईट नाहीत. वाटेत भेटल्या की थांबतात, मेघनाचे लग्न कधी, म्हणून विचारतात. फक्त संक्रांतीत हळदीकुंकवाचे आमंत्रण देत त्या निघतात तेव्हा त्यांच्या हाका अर्जदाराच्या दाराच्या एक घर अलीकडे थांबतात. तिने कधी हे बोलून दाखवले नाही. तिच्या सासूबाईंच्या वेळीही असेच होते आणि तेव्हा हाका देत फिरणाऱ्यांत अर्जदारही होती.

८. यंदाच्या नवमीला तिने तो करंडा खाली काढला. आपल्या हातात आता एक अवजार आहे, आणि ते काही आपल्या हातचे कुंकू नाकारणार नाही, असे तिला वाटले. हळदीकुंकू तेलात कालवून तिने गोळीच्या रिकाम्या डबीत भरले आणि डब्याच्या पिशवीतून आत नेले. दिवस सणाच्या सेलचा होता. सारे गोदाम पळत होते.

स्कॅनरने ‘नमस्ते पुष्पा जी’ म्हटले. तीही त्याला नमस्ते म्हणाली. स्कॅनरच्या पुढच्या बाजूला वर एक काच असते. तिच्यातून लाल उजेड येतो, हे ती रोज पाहत होती. जिथे लाल उमटते तेच कपाळ, अशी तिची समजूत झाली. तिने तिथे हळद लावली, कुंकू लावले, नमस्कार केला आणि पहिल्या पत्त्यावर, कुकरच्या रॅकपाशी, गेली. रेघांवर स्कॅनर धरला. टुक झाले नाही. पुन्हा धरला. पडद्यावर आले : ‘कोड पढ़ा नहीं गया।’ मग आले : ‘कृपया लेंस साफ़ करें।’

ते कपाळ नव्हते, डोळा होता. एवढी तिची चूक. ती तिला कबूल आहे.

आता पुसून टाकायचे, की संपले. तिने पदर हातात घेतला. पण हात पुढे जाईना.

साहेब, तुळशीराम गेले तेव्हा शेजारच्या बायकांनी अर्जदाराचे कुंकू पुसले. कोणी कठोरपणे वागले नाही. एकीने तर आधी पाणी कोमट करून आणले, फडके पिळून स्वतःच्या गालाला लावून पाहिले, फार गरम नाही ना. मग पुसले. ती बाई अजून चौकात भेटते. तेव्हापासून मी कोणाचे कुंकू पुसलेले नाही. देवाचेसुद्धा नाही, ते आपोआप गळते. स्वतः होऊन लावलेले कुंकू, अजून ओले, आपल्याच हाताने पुसायचे म्हणजे काय, हे पडद्यावर मावण्यासारखे नव्हते.

पडदा पिवळा झाला. शिफ्टचे सुपरवायझर श्री. शैलेंद्र पळत आले. “दीदी, क्या हुआ, पीला क्यों है?” तिने दाखवले. ते म्हणाले, “अरे! पोंछ दीजिए ना.” ती म्हणाली, “तुम पोंछ दो भैया.” ते दोन पावले मागे सरले. “आपके आयडी पे है दीदी. मैं हाथ लगाऊँगा तो मेरे नाम पे एंट्री गिरेगी. पोंछ दीजिए, दो सेकंड का काम है. किसके लिए रुकी हो?”

इतक्यात कुकरच्या रॅकपाशी दीपा आली. तिने पाहिले. काय झाले ते तिला कळले की नाही, माहीत नाही, पण ती भेटीतल्या एका वाक्याच्या सवयीने म्हणाली, “मैं पोंछ दूँ दीदी?” अर्जदार हो म्हणणार होती. पण तेवढ्यात दीपाच्या हातातला पडदा पिवळा झाला. ती त्याच्याकडे पाहत, अर्जदाराकडे पाहत, पुन्हा त्याच्याकडे पाहत आपल्या गल्लीत निघून गेली.

मग अर्जदाराचा पडदा लाल झाला. त्यावर आले की पुष्पा घाटोळ यांनी उपकरणाशी छेडछाड केली आहे व सूचना देऊनही काम थांबवले आहे, सबब आयडी बंद करण्यात येत आहे. स्कॅनर चार्जिंगच्या खाचेत ठेवावा. तिने तो तसाच ठेवला, कुंकवासकट.

९. हा परिच्छेद अर्जदाराने खोडला आहे. त्यात श्री. शैलेंद्र यांच्याविरुद्ध मजकूर होता. नंतर तिला आठवले की उन्हाळ्यात तिच्या पायात गोळा आला तेव्हा त्यांनी स्वतःची खुर्ची दिली होती आणि ते उभे राहून वारा घालत असताना त्यांच्याच पडद्यावर पिवळे आले होते. मजकूर वाचू नये.

१०. दुसऱ्या दिवशी दसरा होता. अर्जदार बसने गेली. बसवाल्याला अजून कळले नव्हते. गोदामाच्या फाटकावर चेहरा ओळखणारा कॅमेरा आहे. तो म्हणाला, ‘पहचान नहीं हुई।’ चौकीदार म्हणाला, “अम्मा, चश्मा उतारकर देखो.” तिने चष्मा काढला. “पल्लू पीछे लो.” घेतला. “थोड़ा मुस्कुराओ, फोटो में मुस्कुराई होगी.” ती हसली. मागे रांग खोळंबली होती, बायका म्हणाल्या, “जाने दो ना भैया, रोज़ की तो हैं.” चौकीदार बिचारा म्हणाला, “मैं तो पहचानता हूँ, अम्मा. मशीन नहीं पहचान रही.” मग त्याने तिला सावलीत बसवले, पाणी दिले. परतीची बस संध्याकाळपर्यंत नव्हती. दुपारी दीपाची सुट्टी होईल, ती फाटकाशी येईल, म्हणून अर्जदार पाहत राहिली. आतून बाहेर यायला मनाई असते, हे तिला ठाऊक होते. तरी पाहत राहिली.

११. त्यानंतर तिने कंपनीच्या तक्रारीच्या नंबरवर फोन केला. तिथेही एक बाईचा आवाज आहे, यंत्राचाच, पण फार सोज्वळ. “नमस्ते पुष्पा जी, मैं आपकी किस प्रकार सहायता कर सकती हूँ?” अर्जदाराने सगळे सांगितले, कुंकवासकट. आवाज म्हणाला, “मैं आपकी असुविधा समझती हूँ.” मग नियम सांगितला. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा फोन केला. पुन्हा तीच माया, तोच नियम. पुढे पुढे दुपारचे जेवण झाले की ती फोन करू लागली. एकदा त्या आवाजाने काही अडचण आहे का विचारले, तेव्हा तिने आज वरण करपले, असे सांगितले. “मैं आपकी असुविधा समझती हूँ.”

अशाच एका दिवशी शेवटी त्या आवाजाने विचारले, “क्या आपकी समस्या का समाधान हुआ? हाँ के लिए एक दबाएँ.” अर्जदाराने एक दाबला. समाधान झाले नव्हते. पण रोज इतक्या आपुलकीने विचारणाऱ्याला तोंडावर नाही कसे म्हणायचे? जेवू घालणाऱ्याने जेवण कसे झाले म्हणून विचारल्यावर मीठ कमी होते, असे कोणी सांगते का? तर तक्रार बंद झाली. आता कंपनी आपल्यापुढे दाखवते की तक्रारदार बाईंनी स्वतःच समाधान नोंदवले आहे. संदर्भ क्रमांक दोनचा खुलासा हा एवढाच आहे. त्या नंबरवर आता ‘आपकी कोई शिकायत लंबित नहीं है’ एवढेच ऐकू येते आणि फोन बंद होतो.

१२. मेघना म्हणते, “मम्मी, सिस्टम सबके लिए सेम है. न किसी का मुँह देखता है, न जात देखता है. इससे ज़्यादा फेयर क्या होगा?” ती शिकलेली आहे. तिचे म्हणणे अर्जदाराने नीट तपासून पाहिले. सेठच्या दुकानात मुँह पाहिले जायचे आणि जातही, हे खरे. चौखटमध्ये कोणाचेच पाहत नाहीत, हेही खरे. अर्जदाराने तिला विचारले, “घरातल्या साऱ्या लेकरांना एकाच मापाचं झबलं शिवलं तर त्याला न्याय म्हणशील का?” मेघना म्हणाली, “मम्मी, आप बात को कहाँ ले जाती हो.” मग तिची मीटिंग होती.

मेघना स्वतः चौखटवरूनच सगळे मागवते. मागच्या हिवाळ्यात अर्जदाराची कंबर धरली होती, तेव्हा तिने तिकडून शेकायची रबरी पिशवी पाठवली. निळी. अर्जदाराने खोके उघडले आणि तिला आठवले की नुकतीच अशीच एक निळी पिशवी आपण रॅकमधून काढून पेटीत टाकली होती. ती तीच असेल असे नाही. तशा पुष्कळ जातात. पण तिला ती तीच वाटते. मुलीने आईला पाठवलेली वस्तू आईनेच काढून दिली, आणि मधे हैदराबादपर्यंत काय काय गेले आणि आले. त्या रात्री पिशवी पोटाशी धरून ती बराच वेळ हसली. हे सांगायला कोणी नव्हते. दीपाला सांगायचे तर फार वाक्ये लागली असती.

१३. वरील सर्व बाबींचा विचार होऊन खालीलप्रमाणे आदेश व्हावेत, अशी विनंती :

(अ) अर्जदाराचा आयडी सुरू करावा.

(ब) ‘छेडछाड’ हा शेरा काढावा. जे केले ती पूजा होती. पूजा हा शब्द त्यांच्या यादीत नसल्यास ‘चूक’ लिहावे. तेवढे तिला चालेल.

(क) नवमीच्या आदल्या दिवशी दीपाने कुकरच्या रॅकमागे ठेवून उकडलेले शिंगाडे दिले होते, स्टीलच्या छोट्या डब्यात. तो डबा अर्जदाराकडे राहिला आहे. दीपाचा नंबर तिच्याकडे नाही. आत मोबाइल नेता येत नाही. आडनावही माहीत नाही. बरगीकडे गावे पुष्कळ, आणि धरणात मासे धरणारेही पुष्कळ. डबा पोचता व्हावा.

१४. (अ) आणि (ब) नियमात बसत नसतील, तर अर्जदार त्यांचा आग्रह सोडते. त्याऐवजी एवढे कळवावे की तो स्कॅनर आता कोणाच्या हातात आहे, त्यावरचे कुंकू कोणी पुसले, आणि पुसताना त्या माणसाला काही वाटले का. तिने चौकीदाराला विचारले होते. तो म्हणाला, “अम्मा, जिसका आयडी बंद, उसका सेट भी बंद. वहीं चार्जिंग में पड़ा होगा, जब तक मामला न निपटे.” म्हणजे कुंकू अजून तसेच आहे. सुकले असेल.

१५. हा अर्ज लिहिता लिहिता अर्जदाराचा विचार बदलला आहे. आधीचे सर्व परिच्छेद खोडले तरी चालतील, हा मात्र राहू द्यावा.

कंपनीचे म्हणणे, लेंस साफ करण्याची सूचना दिली होती आणि ती पाळली गेली नाही. हे खरे आहे. ती सूचना पाळायला अर्जदार तयार आहे. ते कुंकू ती स्वतः पुसेल. तिला गोदामात एकदाच, तेवढ्यापुरते आत सोडावे. ती पुसेल आणि स्कॅनर खाचेत ठेवेल. मग तो ‘नमस्ते’ म्हणो अथवा न म्हणो.

अट अशी नाही, पण विनंती आहे : पुसताना शेजारी कोणीतरी उभे असावे. बोलायला नको. हात लावायला नको, त्याच्या नावावर एंट्री पडेल. नुसते उभे असावे. दीपाची सुट्टी असेल तर दीपा. नसेल तर साहेबांनी एखादा माणूस पाठवावा. तोही मिळत नसेल, तर ती वेळ आपल्या मातुःश्रींच्या गोळीच्या वेळेच्या आधीची किंवा नंतरची ठरवावी आणि आपण स्वतः यावे. त्यांचा फोन चुकू नये.

आपण बोलावलेल्या तारखेला अर्जदार बाकावर हजर राहील. तारखेआधी निरोप द्यायचा झाल्यास फोन कधीही करावा. ती घरीच असते, आणि पहिल्या घंटीला उचलते.

आपल्या दारापाशी बसून गेलेली,
आपली नम्र,

(सही) पुष्पा तुळशीराम घाटोळ
कांचघर, जबलपूर
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) हिंदी अर्जाची प्रत.
२) बंद आयडीच्या ओळखपत्राची प्रत. (फोटोत अर्जदार हसलेली नाही, चौकीदाराचा अंदाज चुकीचा होता.)
३) स्टीलचा छोटा डबा, झाकणासह, दीपा यांचा. आत जवसाची चटणी. डबा रिकामा परत करायचा नसतो.
४) मऊ सुती फडके, एक. धुतलेले. वापरण्यापूर्वी कोमट पाण्यातून पिळून घ्यावे लागेल.